वीट की पॅनल? मिरा-भाईंदरमध्ये एक खोली वाढवताना

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागलं की मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी अशी गावं ओळीने येतात. मिरा-भाईंदरची १९८५ साली नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. २०११च्या जनगणनेत लोकसंख्येने आठ लाखांचा आकडा ओलांडला. शहरात टॉवर उभे राहिले, पण या गावठाणांतली घरं अजूनही कुटुंबाच्या गरजेप्रमाणे खोली-खोलीने वाढतात. थोरल्याचं लग्न ठरलं की वर एक खोली चढते. भाऊ वेगळे झाले की मागच्या पडवीला भिंत येते. काशिमिऱ्याकडच्या बैठ्या चाळींत, जुन्या रो-हाउसांत हेच चालतं. पूर्वी अशा कामाला कोणता गवंडी बोलवायचा, एवढंच ठरवायचं असे. आता फॅब्रिकेटर दारात येतो, मोबाइलवर गुळगुळीत पांढऱ्या खोल्यांचे फोटो दाखवतो आणि पंधरा दिवसांत खोली ताब्यात देण्याची हमी देतो. विटांचा ढीग नाही, रेती नाही, पाणी मारणं नाही. घरातली तरुण मंडळी त्याच्या बाजूने होतात, वडीलधारे विटेच्या बाजूने, आणि टिकेल किती, पडेल केवढ्याला, यावर वाद रंगतो.

हा वाद एक पायरी सोडून सुरू होतो, असं मला वाटतं. भिंत कशाची, हे नंतर बघता येईल. ती कशावर उभी राहणार, हे आधी बघायला हवं.

त्याआधी माल नीट ओळखून घेऊ, कारण ‘प्रीफॅब’ या एकाच नावाखाली बाजारात निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. पोर्टा केबिन ही कारखान्यातून तयार होऊन ट्रेलरवरून येणारी अख्खी खोली. तिची रुंदी बहुतेक वेळा आठ फुटांच्या आसपास ठेवतात, कारण मोटार वाहन नियमांनुसार गाडीला २.६ मीटरपेक्षा जास्त रुंदी चालत नाही. उत्तनच्या कोळीवाड्यातल्या गल्ल्या आणि डोक्यावरच्या विजेच्या तारा पाहिल्या तर ट्रेलर आणि क्रेन तिथवर पोचणारच नाहीत. त्यामुळे दाट वस्तीत खरा पर्याय उरतो तो सुटे भाग आणून जागेवर जोडायचा. त्यातही दोन प्रकार आहेत. एक, लोखंडी सांगाड्यावर पफ पॅनल, म्हणजे दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेली फळी. दुसरा, एलजीएसएफ, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या पातळ पोलादी पट्ट्यांचा दाट सांगाडा आणि त्याला दोन्ही अंगांनी सिमेंट बोर्ड. नुसत्या अँगलवर एकेरी पत्रा ठोकून त्यालाही कुणी प्रीफॅब म्हणत असेल, तर ती शेड आहे. तिच्यात राहायला जाऊ नये.

आता वजन. सगळ्या निर्णयाचं मूळ इथे आहे, म्हणून हिशेब करूनच पाहू. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट. दारं-खिडक्या वजा जाता भिंतींचं क्षेत्र सुमारे ३६ चौरस मीटर भरतं. नऊ इंची विटेची भिंत दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसह चौरस मीटरला साधारण ४८० किलो धरली, तर नुसत्या भिंतीच १७ टनांच्या वर जातात. वर पाच इंची स्लॅब टाकला की आणखी साडेचार-पाच टन. म्हणजे पलंग, कपाट, माणसं आत येण्याआधीच खोलीचं वजन २२ टन झालं. भिंती साडेचार इंची घेतल्या तर त्या नऊ-साडेनऊ टनांवर उतरतात. सहा इंची एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या, घेतल्या तर प्लास्टरसह साडेपाच टनांच्या आसपास. तीच खोली ५० मिलिमीटरच्या पफ पॅनलची केली, तर पॅनल चौरस मीटरला दहा-बारा किलो भरतं. भिंती, छप्पर, सांगाडा आणि खालची बोर्डाची जमीन मिळून सगळं दीड टनाच्या आत. एलजीएसएफची खोली तीन-चार टन. भारतीय मानक ८७५ राहत्या खोलीत चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरायला सांगतं, म्हणजे या खोलीला सव्वादोन टन. पॅनलच्या खोलीत खोलीपेक्षा आतला संसार जड!

हा फरक मिरा-भाईंदरमध्ये इतर ठिकाणांपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. हे मिठागरांचं आणि खाडीकाठचं शहर. डोंगराच्या पायथ्याचा भाग सोडला तर बऱ्याच ठिकाणी वर भराव आणि खाली खाडीची मऊ चिकणमाती आहे. ही माती भार आला की एकदम बसत नाही, वर्षानुवर्षं हळूहळू दबत राहते. तीस वर्षांपूर्वीचं घर आपल्यापुरतं बसून स्थिर झालेलं असतं. त्याला चिकटून २२ टनांची नवी खोली बांधली की ती आपल्या गतीने खाली जाऊ लागते. गवंडी बहुधा जुन्या भिंतीचे दाते काढून नवी भिंत त्यात गुंतवतो, सांधा मजबूत व्हावा म्हणून. दोनेक पावसाळ्यांत नेमकी तिथेच तिरकी भेग पडते आणि तिच्यातून पाणी झिरपतं. मऊ जमिनीवर दोन्ही भिंती जाणूनबुजून वेगळ्या ठेवायच्या असतात. मधे बोटभर फट, तिच्यात लवचिक सीलंट, वरून पत्र्याची पट्टी. नवी खोली हलकी असेल तर बसणंही कमी, भेगेचा धोकाही कमी. पॅनलच्या बाजूने माझ्या दृष्टीने सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे, पंधरा दिवसांचा नाही.

खोली वर चढवायची असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो. मालाडच्या मालवणीत ९ जून २०२१च्या रात्री एक घर शेजारच्या घरावर कोसळलं आणि १२ माणसं गेली, त्यांत आठ मुलं होती. त्या घरावर बेकायदा मजले चढवलेले होते. खालच्या भिंती आणि पाया जेवढ्यासाठी घातले तेवढंच पेलतात, ते वाढत्या कुटुंबासोबत वाढत नाहीत. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानेही दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं माणसांवर कशी येतात, हे महाराष्ट्राला दाखवलं. डोक्यावरचं वजन जितकं जास्त, तितका हादऱ्याचा जोर जास्त.

आपल्याकडच्या गावठाणांत एक दृश्य नेहमीचं आहे. तळमजल्याचा स्लॅब झालेला, आणि कोपऱ्यांतून कॉलमच्या सळया हात-दीड हात वर आलेल्या. ‘पुढे वर घ्यायचं आहे’ म्हणून त्या सोडलेल्या असतात. दहा-बारा वर्षं खारं वारं आणि पाऊस खाऊन त्या तांबूस होतात, हातोडीचा ठोका मारला की पापुद्रे गळतात. बारा मिलिमीटरची सळी दहाची झालेली असते, आणि गंज काँक्रीटच्या आत किती उतरला हे बाहेरून कळत नाही. अशा सळयांना नवीन सळया बांधून वर कॉलम उभा करणं सर्रास चालतं. हे करू नका. सळई घासून, मापून, काँक्रीट थोडं फोडून बघितल्याशिवाय वर काहीही चढवू नये, मग ते विटेचं असो की पॅनलचं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की हलकं तेच चांगलं. पण समुद्रकाठी हलकेपणाची किंमत वारा वसूल करतो. मुंबई परिसरासाठी मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो येतो. छपराचा आकार, उंची, आजूबाजूची घरं यांप्रमाणे तो कमी-जास्त होतो, पण पंधरा चौरस मीटरच्या छपराला वर खेचणारा जोर दीड-पावणेदोन टनांपर्यंत जाऊ शकतो, हे त्यावरून कळतं. आपल्या पॅनलच्या खोलीचं सगळं वजन दीड टनाच्या आत आहे. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर भागात उडालेले पत्रे सगळ्यांनी पाहिले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आपल्या किनाऱ्यासमोरून गेलं. विटेची खोली आपल्या वजनानेच जागेवर बसते. पॅनलची खोली बांधून ठेवावी लागते, आणि ती कशाला बांधली यावर तिचं आयुष्य अवलंबून असतं.

गच्चीवर हे बांधणं कसं चुकतं ते पाहण्यासारखं आहे. स्लॅबवर गळती थांबवायला चार-पाच इंचांचा कोबा घातलेला असतो: खाली विटांचे तुकडे, वर सिमेंटचा गुळगुळीत हात. कारागीर बेसप्लेट ठेवतो, ड्रिलने चार भोकं पाडतो, फास्टनर ठोकतो, नट आवळतो. नट आवळला जातो म्हणून सगळ्यांना समाधान वाटतं. पण तो फास्टनर स्लॅबपर्यंत पोचलेलाच नसतो. तो कोब्यातल्या विटांच्या तुकड्यांत अडकलेला असतो. वादळी वाऱ्यात तो उपटून येईल, आणि त्याआधीच पहिल्या पावसात त्या चार भोकांतून खालच्या खोलीत पाणी उतरेल. बरोबर पद्धत वेळखाऊ आहे. बीम आणि कॉलमच्या रेषेवर तेवढ्यापुरता कोबा फोडायचा, पक्क्या काँक्रीटमध्ये केमिकल अँकर बसवायचा, बेसप्लेट कोब्याच्या वर राहील असा काँक्रीटचा ठोकळा करायचा आणि भोवतीचं वॉटरप्रूफिंग नव्याने करायचं. फॅब्रिकेटरच्या पंधरा दिवसांत हे काम धरलं आहे का, हे त्याला विचारा. कोटेशनमध्ये ‘अँकर’ हा शब्द नसेल तर ते कोटेशन अपुरं आहे.

वाऱ्यासोबत मीठही येतं, आणि मीठ कुणालाच सोडत नाही. विटेच्या भिंतीला लोणा लागतो, जोत्याजवळचं प्लास्टर फुगून पोपडे पडतात. आरसीसीत आतलं लोखंड गंजून फुगतं आणि काँक्रीट फोडून बाहेर येतं. त्याची सुरुवात पुष्कळदा बांधतानाच झालेली असते. भारतीय मानक ४५६ सांगतं की आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या पुढे नको. समुद्राच्या पाण्यात ते १९,००० च्या आसपास असतं. खाडीकाठच्या बोअरचं मचूळ पाणी या दोन्हींच्या मधे कुठेतरी पडतं, आणि नळाच्या पाण्याची ओरड असलेल्या शहरात बांधकामाला तेच वापरण्याचा मोह होतो. विटेचं बांधकाम निवडलंत तर पाण्याची तपासणी करून घ्या, गोड्या पाण्याचा टँकर लागला तरी तो खर्च वाचवू नका.

पॅनलचं दुखणं वेगळ्या जागी लपतं. पत्र्यावर जस्ताचा थर किती, हे चौरस मीटरला ग्रॅममध्ये मोजतात. किनाऱ्याजवळ सांगाड्याच्या पट्ट्यांना निदान २७५ ग्रॅमचा थर मागावा. खिडकीसाठी पॅनल कापलं की कापलेल्या कडेला जस्त उरत नाही. गंज तिथून सुरू होतो, स्क्रूच्या डोक्याखालून सुरू होतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे भिंतीच्या तळाच्या पट्टीत, जिथे लादी धुतलेलं पाणी साचतं. विटेचं घर आपलं दुखणं बाहेर दाखवतं; पोपडा दिसला की गवंडी बोलावता येतो. पॅनलच्या आतला गंज सांगाडा खाऊन झाल्यावर कळतो. शिवाय दहा वर्षांनी एक पॅनल बदलायची वेळ आली तर त्याच मापाचं, त्याच खाचेचं पॅनल बनवणारी कंपनी जागेवर असेल का? गवंडी मात्र उत्तनमध्येही मिळेल आणि पेणकरपाड्यातही. दुरुस्ती कोण करणार, या प्रश्नात वीट आजही सरस आहे.

उन्हाच्या बाबतीत बहुतेकांचा समज उलटा असतो. पत्र्याचं घर म्हणजे भट्टी, हे एकेरी पत्र्याला लागू आहे. उष्णता अडवण्यात ५० मिलिमीटरचं पफ पॅनल नऊ इंची विटेच्या भिंतीपेक्षा सहा-सात पटींनी सरस ठरतं. आवाजात ते मागे पडतं, कारण आवाज अडवायला वजनच लागतं. पावसाचा मारा आणि शेजारच्यांचं बोलणं ऐकू येतं. पफचा फोम जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो, म्हणून स्वयंपाकघराला किंवा गॅसच्या शेजारी ते नको. तिथे न जळणारं रॉकवूल भरलेलं पॅनल घ्यावं. संडास-बाथरूमही शक्यतो विटेचंच ठेवावं.

कारखान्यात घर बनवून जागेवर जोडणं मुंबईला नवं नाही. काळा घोड्याचं वॉटसन्स हॉटेल १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतलेले बिडाचे खांब आणि तुळया जहाजाने आणून उभं केलं. ती इमारत आजही आहे, जर्जर अवस्थेत. स्वातंत्र्यानंतर निर्वासितांसाठी दिल्लीत सरकारी घरकारखाना काढला, तो सुरुवातीला फसला, कारण काँक्रीटच्या फळ्या तडकत होत्या. लंडनमध्ये रोनन पॉइंट हा २२ मजली टॉवर १६ मे १९६८ रोजी गॅसच्या एका स्फोटाने कोपऱ्यातून वरपासून खालपर्यंत ढासळला. तयार भिंती पक्क्या होत्या, त्यांचे सांधे कच्चे होते. तेव्हापासून जगभर या पद्धतीत सगळं लक्ष सांध्यांवर असतं. आपल्या जवळचं यशस्वी उदाहरण म्हणजे नवी मुंबईतलं बामणडोंगरी. तिथे २०२२ साली सिडकोसाठी एल अँड टी कंपनीने ९६ दिवसांत ९६ घरांची इमारत प्रीकास्ट पद्धतीने उभी केली. तो वेग शक्य झाला कारण एकच साचा शेकडो वेळा वापरला गेला आणि यार्ड, क्रेन, इंजिनिअर सगळं हाताशी होतं. एका खोलीच्या कामात पुन्हा पुन्हा वापरायचा साचाच नसतो. जुनं घर वाकडं, कोपरे काटकोनात नाहीत, प्रत्येक पॅनल जागेवर कापावं लागतं. म्हणून मोठ्या प्रकल्पांतली बचत दाखवून एका खोलीचा सौदा कुणी पटवत असेल तर तो मान्य करू नये. वेळ वाचतो हे खरं. पैसे फार वाचतील असं धरून चालू नये.

आता कायद्याचं. ‘प्रीफॅब सुटं करता येतं, म्हणून परवानगी लागत नाही’, हे वाक्य विक्रेत्यांकडून हमखास ऐकू येतं आणि ते खोटं आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातली इमारतीची व्याख्या वीट, लाकूड, माती, धातू किंवा इतर कोणत्याही वस्तूच्या बांधकामाला लागू होते. शेड आणि झोपडीसुद्धा तीत येतात. प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे परवानगीशिवायच्या कामाला कलम ५३ची नोटीस येऊ शकते, आणि पॅनलची खोली बुलडोझरला विटेच्या खोलीपेक्षा सोपी जाते. उत्तन, पाली, चौक, डोंगरीच्या किनाऱ्यालगत सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, नियम आहेत. काशिमिरा-घोडबंदरकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं इको-सेन्सिटिव्ह क्षेत्र २०१६ साली जाहीर झालं. आपला सर्व्हे नंबर त्यात येतो का, हे नगररचना विभागात आधी बघावं. सोसायटीची गच्ची तर सगळ्या सभासदांची असते, वरच्या मजल्यावाल्याची नव्हे.

माझा कौल असा. गावठाणात जमिनीवर खोली वाढवायची असेल, जमीन बरी असेल आणि घाई नसेल, तर एएसी ब्लॉक किंवा विटेचीच बांधा, गोडं पाणी वापरा, जुन्या भिंतीपासून फट सोडा. जमीन भरावाची, मऊ असेल किंवा खोली तळमजल्यावर चढवायची असेल आणि इंजिनिअरने खालचं घर तपासून होकार दिला असेल, तर एलजीएसएफ घ्या, सिमेंट बोर्डाची भिंत घ्या आणि अँकरचा नकाशा मागा. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची स्ट्रक्चरल तपासणी कायद्याने बंधनकारकच आहे. तिच्या गच्चीवर दोन्हीपैकी काहीही चढवू नका. आणि गवंडी असो की फॅब्रिकेटर, त्याच्या हातावर इसार ठेवण्याआधी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असलेला कागद आपल्या हाती घ्या.